दोन पेशांचा मांत्रिक

वसंतातल्या व्याख्यानाला येणारा श्रोता अर्थकारण, इतिहास, संतवाङ्मय असे काही ऐकण्याच्या तयारीने येतो. त्याच्यापुढे फासे, मंत्र आणि काल्पनिक राक्षस यांचा खेळ मांडावयाचा म्हणजे थोडे धाडसच. परंतु ज्यांच्या घरात पंधरा-वीस वर्षांची मुले आहेत त्यांतल्या कित्येकांना सुटीच्या दिवशी मेजाभोवती बसून चार-चार तास चालणारा हा खेळ ओळखीचा असेल. आणि ज्यांना तो ओळखीचा नाही त्यांनाही त्यातला एक हिशेब ऐकण्यासारखा वाटेल, असे आम्हांस वाटते. तो हिशेब असा: एकाच माणसाने दोन विद्या शिकावयाचे ठरवले, तर त्याला प्रत्येकीतले किती मिळते आणि काय गमवावे लागते? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीत देऊन लोक मोकळे होतात. या खेळाच्या नियमांनी मात्र गेल्या पन्नास वर्षांत त्याची चार-पाच निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली आहेत, आणि त्यांतले सध्या चालू असलेले उत्तर वरवर पाहणाऱ्याला हमखास फसवणारे आहे. आम्ही स्वतः त्यात फसलो, आणि आमच्या फसण्याची किंमत दुसऱ्याने मोजली. ती हकीगत पुढे येईलच.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला, आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून तो प्रसिद्ध झाला. पहिल्या खेपेस अवघ्या १,००० प्रती छापल्या होत्या. या खेळाला पट लागतोच असे नाही. मंडळींपैकी एक जण सूत्रधार होतो. त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो की पुढे दरी आहे, पूल कुजलेला आहे, पलीकडे कोणी तरी उभे आहे. खेळाडू सांगतात की आमची पात्रे अमुक अमुक करतात. आणि जेथे यशाची खात्री नसेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावावयाचा. यात शेवटचा डाव असा नसतो. पात्र अनुभव मिळवते, पायरी-पायरीने वर चढते, किंवा मरते. एकेका पात्राची कहाणी महिनेच्या महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. म्हणून पात्राचे मरण ही मेजावर हसण्यावारी नेण्याची गोष्ट नसते.

प्रत्येक पात्राला एक ‘क्लास’ असतो. आपल्याकडे क्लास म्हटले की शिकवणीचा वर्ग डोळ्यांपुढे येतो, म्हणून आम्ही येथे ‘पेशा’ म्हणणार आहोत. कोणी लढवय्या असतो, कोणी चोरटा. आणि मंत्र टाकणाऱ्यांचे तर अनेक पेशे आहेत. विझार्ड पोथी घोकून विद्या मिळवतो, क्लेरिकला ती देवतेच्या उपासनेतून मिळते, सॉर्सररच्या रक्तातच असते, वॉरलॉक कोणा अमानवी शक्तीशी करार करून ती पदरात पाडून घेतो, बार्ड गाण्यातून आणि ड्रुइड रानावनातून. दोन पेशे एकाच पात्राच्या ठायी आले की त्याला ‘मल्टिक्लास’ म्हणतात. आपण त्याला दुपेशी म्हणू.

आता मंत्रांचे तंत्र. त्याचे मूळ जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकात आहे. त्यातल्या जादूगाराच्या डोक्यात एका वेळी मोजकेच मंत्र मावतात, आणि मंत्र एकदा उच्चारला की तो डोक्यातून पार पुसला जातो. पुन्हा पोथी उघडून पाठ करावा लागतो. गायगॅक्सला ही कल्पना फार आवडली, कारण तीमुळे जादूवर आपोआप मर्यादा पडते. आजच्या नियमांत मंत्र विसरत नाही. त्यामागचा जोर तेवढा खर्च होतो, आणि रात्रभराच्या विश्रांतीने तो परत येतो. या जोराच्या मापांना ‘स्लॉट’ म्हणतात. स्लॉट म्हणजे माप, मंत्र म्हणजे त्या मापात ओतावयाचे धान्य. श्रोत्यांनी एवढी एक गोष्ट पक्की धरून ठेवावी.

येथे भाषेची एक अडचण आहे, आणि ती आपली नव्हे, इंग्रजीचीच आहे. पात्राची चढती योग्यता, मंत्राचा अवघडपणा, राक्षसाचे बळ आणि भुयाराची खोली या चारही गोष्टींना खेळात ‘लेव्हल’ हा एकच शब्द आहे. स्वतः गायगॅक्सने १९७८ च्या पुस्तकात कबूल केले आहे की यांना निरनिराळी नावे द्यावीत असे मनात होते, पण लोकांच्या तोंडी बसलेला शब्द काढता येईना. नवखा खेळाडू येथेच गडबडतो: आपले पात्र तिसऱ्या लेव्हलचे झाले म्हणजे तिसऱ्या लेव्हलचे मंत्र येत असणार, असे त्याला वाटते. तसे नाही. आम्ही म्हणून पात्राच्या लेव्हलला ‘पायरी’ म्हणू आणि मंत्राच्या लेव्हलला ‘इयत्ता’. निव्वळ विझार्ड किंवा निव्वळ क्लेरिक पहिल्या पायरीवर पहिल्या इयत्तेचे मंत्र शिकतो, तिसऱ्या पायरीवर दुसऱ्या इयत्तेचे, पाचवीवर तिसऱ्या, सातवीवर चौथ्या. असे करत सतराव्या पायरीवर नवव्या म्हणजे शेवटच्या इयत्तेला पोहोचतो.

जुन्या काळी दोन पेशे करणे आजच्याइतके महाग नव्हते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. १९७४ च्या नियमांत एल्फ जातीच्या पात्राला एका मोहिमेत लढवय्या तर दुसरीत मांत्रिक होता येई. १९७८ च्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीत एल्फ, अर्ध-एल्फ इत्यादिकांना दोन पेशे एकदमच चालवता येऊ लागले. मिळालेले अनुभवाचे गुण दोहोंत निम्मे-निम्मे वाटावयाचे. निम्मे म्हटले की आपल्याला वाटते पायऱ्याही निम्म्याच होणार. पण मौज अशी की त्या काळची शिडी जवळजवळ दुपटीची होती. पुढली पायरी गाठावयाची तर एकूण गुण बहुधा दुप्पट किंवा दुपटीच्या आसपास लागत. मॅजिक-यूझरला, म्हणजे तेव्हाच्या विझार्डला, पाचव्या पायरीसाठी २२,५०१ गुण लागत आणि सहावीसाठी ४०,००१. समजा, एका अर्ध-एल्फाने ४५,००२ गुण मिळवले. त्याचे निम्मे २२,५०१. तेवढ्यात तो पाचव्या पायरीचा मॅजिक-यूझर झाला, आणि उरलेल्या निम्म्यात पाचव्याच पायरीचा क्लेरिक. तेवढेच सगळे गुण एकाच पेशात घालणारा निव्वळ मॅजिक-यूझर कोठे पोहोचला? फक्त सहावीला! म्हणजे एका पायरीचा तोटा सोसून दुसरी अख्खी विद्या पदरात. मंत्रांचीच मोजदाद करावयाची तर निव्वळ मॅजिक-यूझरला पहिल्या तीन इयत्तांचे अनुक्रमे ४, २ आणि २ मंत्र, तर दुपेशीला ४, २ आणि १, व वर क्लेरिकचे ३, ३ आणि १.

अर्थात इतका स्वस्त सौदा मोकळा कोण ठेवील? नियमांनी त्याला जातीची भिंत घातली होती. अर्ध-एल्फाला क्लेरिकच्या पाचव्या पायरीपलीकडे जाता येत नसे. मनुष्यजातीला तर हा मार्गच बंद होता. माणसाने पहिला पेशा टाकून दुसरा धरावयाचा, आणि दुसऱ्यात पहिल्याच्या पुढे जाईपर्यंत जुन्या विद्येचा आधार घ्यावयाचा नाही. घेतलाच तर त्या मोहिमेतला अनुभव बुडाला. एकूण कडक शिस्तीचा कारभार.

२००० साली तिसरी आवृत्ती आली आणि दुपटीची शिडी मोडली. आता प्रत्येक नवी पायरी, ती कोणत्याही पेशाची असो, पात्राच्या एकूण पायऱ्यांच्या भावाने विकत घ्यावयाची. जातीची भिंत गेली, कोणीही काहीही शिकावे. पण जुना सौदाही गेला. तीन पायऱ्या विझार्डच्या आणि तीन क्लेरिकच्या चढलेले पात्र सहाव्या पायरीच्या निव्वळ विझार्डशेजारी उभे राहिले की अगदी केविलवाणे दिसू लागले. हे रचनाकारांच्याही ध्यानात आले असावे, कारण २००३ च्या सुधारलेल्या पुस्तकात ‘मिस्टिक थर्ज’ नावाचा एक खास पेशा दिसतो. दोन्ही विद्यांत दुसऱ्या इयत्तेपर्यंत पोहोचलेल्याने तो घ्यावयाचा, आणि त्याच्या दहाही पायऱ्यांवर दोन्ही विद्या एकदम वाढावयाच्या. यामुळे दुपेशी मांत्रिक निव्वळ मांत्रिकाच्या तीनच पायऱ्या मागे राही. आम्हांस स्वतःला ही युक्ती ठिगळासारखी वाटते, पण ठिगळ लावावे लागले याचा अर्थ वस्त्र फाटले होते, हे खरेच. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने प्रथम दुसऱ्या पेशाची केवळ चव दिली. तिच्याविषयी येथे अधिक बोलण्याचे कारण नाही.

मग २०१४ साली पाचवी आवृत्ती आली, आणि तिने एक देखणा तोडगा काढला. दोन पेशे हा आता ऐच्छिक नियम झाला. सूत्रधाराची परवानगी हवी, आणि दोन्ही पेशांच्या मुख्य गुणांत किमान १३ अंक हवेत. परंतु खरी गोम स्लॉटांत आहे. बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर आणि विझार्ड यांच्या पायऱ्यांची सरळ बेरीज करावयाची. पॅलाडिन आणि रेंजर या अर्ध्या मांत्रिकांच्या पायऱ्या निम्म्याने धरावयाच्या. आणि येईल त्या बेरजेसमोर कोष्टकात जितके स्लॉट लिहिले असतील तितके घ्यावयाचे. तीन विझार्ड अधिक तीन क्लेरिक म्हणजे सहा. सहाव्या पायरीच्या निव्वळ विझार्डला पहिल्या मापाचे ४, दुसऱ्या मापाचे ३ आणि तिसऱ्या मापाचे ३ स्लॉट मिळतात. आमच्या दुपेशीलाही नेमके तेवढेच. कोष्टक पाहणाऱ्याला वाटते, सगळे जागच्या जागी आहे, तोटा कुठे झाला?

तोटा पुढच्या वाक्यात आहे. मंत्र कोणते येतात हे मात्र प्रत्येक पेशापुरते वेगळे पाहावयाचे, जणू दुसरा पेशा नाहीच. दोन शाळांत तिसरी पास झाला म्हणून मुलाला कोणी सहावीत बसवत नाही, तसेच हे. विझार्ड म्हणून तो तिसऱ्या पायरीचा, म्हणजे दुसऱ्या इयत्तेपर्यंतचे मंत्र. क्लेरिक म्हणूनही तिसऱ्या पायरीचा, पुन्हा दुसरीच इयत्ता. तिसऱ्या मापाचे तीन स्लॉट हाती आहेत, आणि त्यांत ओतावयाला तिसऱ्या इयत्तेचा एकही मंत्र नाही. पायलीचे माप मिळाले, धान्य शेरभरच.

आता आमची हकीगत. दर रविवारी आमच्याकडे पाच जण जमत: सूत्रधाराच्या जागी शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, एक लढवय्या, एक चोरटा, आमचा चौदा वर्षांचा भाचा आणि आम्ही. भाच्याचे पात्र रेंजर होते. आठ महिने त्याने ते वाढवले होते, त्याचे चित्र काढले होते, त्याच्या कुत्र्यालासुद्धा नाव होते. आम्ही मोठ्या हौसेने तीन पायऱ्यांचा विझार्ड आणि तीन पायऱ्यांचा क्लेरिक असे पात्र केले होते, आणि ‘क्लेरिक आपल्याकडे आहे’ अशा समजुतीवर बाकीची मंडळी निर्धास्त होती. त्या समजुतीला आम्ही कधी हरकत घेतली नाही. उलट तिसऱ्या मापाचा स्लॉट मिळाल्याबरोबर ‘रिव्हिव्हिफाय’ या मंत्रासाठी लागणारे ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे आम्ही वर्गणी काढून घेऊन ठेवले. हा मंत्र मरून मिनिट उलटले नसेल अशा जिवाला परत उठवतो. पुलावर दोन ओगर चालून आले, रेंजर पडला, भाच्याचे तिन्ही फासे उलटे पडले आणि पात्र मेले. लढाई त्यानंतर दोनच पाळ्यांत संपली. एक पाळी सहा सेकंदांची. म्हणजे मिनिट संपायला भरपूर अवकाश होता. सगळे आमच्याकडे वळले.

“मामा, तिसरा स्लॉट आहे ना तुझ्याकडे?” भाचा म्हणाला.

स्लॉट होता. एक नव्हे, दोन होते. हिरेही होते. आम्ही कागद उलटून-पालटून पाहिला. रिव्हिव्हिफाय हा क्लेरिकचा तिसऱ्या इयत्तेचा मंत्र. त्याला क्लेरिकच्या पाच पायऱ्या लागतात आणि आमच्या होत्या तीन. सूत्रधार मुलगी हळूच म्हणाली, “काका, तुम्हाला तो येत नाही.” भाच्याने वही मिटली. त्या दिवशी तो जेवायलाही थांबला नाही.

हिशेब चुकला होता तो असा. पाचवी पायरी हा या खेळातला सर्वांत मोठा दरवाजा आहे. निव्वळ विझार्डला तेथे ‘फायरबॉल’ मिळतो, क्लेरिकला मेलेले उठवता येते. लढवय्यासुद्धा तेथेच एका पाळीत दोन वार करू लागतो. फायरबॉल वीस फुटांच्या त्रिज्येत सापडलेल्या प्रत्येकावर आठ षट्कोणी फाशांचा मारा करतो. सरासरी २८, आणि जो चुकवील त्याला निम्मा. आमच्यासारख्या दुपेशीने तोच तिसऱ्या मापाचा स्लॉट पहिल्या इयत्तेच्या ‘मॅजिक मिसाइल’वर खर्च केला तर तीनऐवजी पाच बाण सुटतात, सगळे मिळून सरासरी साडेसतरा. ते चुकत नाहीत, एवढेच समाधान. दुसरा तोटा याहून छुपा आहे. गुणांचे अंक वाढवण्याची संधी चौथ्या पायरीला मिळते, पण ती पात्राच्या चौथ्या पायरीला नव्हे, पेशाच्या चौथ्या पायरीला. तीन आणि तीन करणाऱ्याला सहा पायऱ्या चढूनही ती एकदासुद्धा मिळत नाही. तिसरे, एकाग्रता. टिकून राहणारे बहुतेक चांगले मंत्र एकाग्रता मागतात, आणि ती एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येते. क्लेरिकचा ‘ब्लेस’ चालू असताना विझार्डचे ‘वेब’ टाकले की ब्लेस विरतो. पेशे दोन असले तरी डोके एकच.

तर मग दुपेशी मांत्रिक करूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. स्लॉटांची बेरीज होते आणि विद्येची होत नाही, हे एकदा मनात ठसले की चांगली पात्रे कशी बांधावीत हे त्यातूनच निघत जाते.

सोपा मार्ग असा की एक पेशा मुख्य धरावा आणि दुसऱ्याची एकच पायरी घ्यावी. एक क्लेरिक आणि पाच विझार्ड असे पात्र घ्या. स्लॉट तेच: ४, ३, ३, आणि फायरबॉल हाती, फक्त एक पायरी उशिरा. मोबदल्यात काय मिळाले? मध्यम चिलखत आणि ढाल वापरण्याची मुभा. चपळाईचे दोन अंक धरले तर हाफ-प्लेट व ढाल मिळून संरक्षणाचा आकडा १९ होतो. निव्वळ विझार्डला ‘मेज आर्मर’ मंत्र खर्चूनही १५ च. शिवाय क्लेरिकचे पहिल्या इयत्तेचे मंत्र. त्यांत ‘हीलिंग वर्ड’ हा अमोल आहे: साठ फुटांवर पडलेल्या सोबत्याला एका शब्दाने शुद्धीवर आणतो आणि मोठ्या स्लॉटात घातला की वाढतो. मंत्र निवडताना एवढेच पाहावे की दुय्यम पेशाचे मंत्र त्या पेशाच्या गुणावर फारसे अवलंबून नसावेत. विझार्डचे मंत्र बुद्धीवर चालतात, क्लेरिकचे विवेकावर. शत्रूला चुकवावयाला लागणारा आकडा आठ, अधिक प्रावीण्याचा अंक, अधिक त्या गुणाचा अंक असा निघतो. सहाव्या पायरीवर बुद्धी १६ असेल तर १४, आणि विवेक १३ असेल तर १२. म्हणून विवेकाच्या बाजूने शत्रूवर टाकण्याचे मंत्र घेऊच नयेत. आशीर्वाद, संरक्षण, उपचार असे घ्यावेत.

याहून बरे म्हणजे एकाच गुणावर चालणारे दोन पेशे जोडणे. बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक आणि पॅलाडिन हे चौघे करिझ्म्यावर, म्हणजे व्यक्तित्वाच्या प्रभावावर चालतात. क्लेरिक, ड्रुइड आणि रेंजर विवेकावर. नामांकित दुपेशी पात्रे बहुतेक पहिल्या कुटुंबातली असतात याचे कारण हेच. त्यांतही पॅलाडिन आणि सॉर्सरर ही जोडी आम्हांस सर्वांत शहाणी वाटते. पॅलाडिनला दुसऱ्या पायरीवर ‘डिव्हाइन स्माइट’ मिळतो: तलवारीचा घाव बसला की स्लॉट जाळून त्यात दैवी आघात मिसळावयाचा, पहिल्या मापाला दोन अष्टकोणी फासे, पुढे प्रत्येक मापाला एकेक अधिक. दोन पॅलाडिन आणि सहा सॉर्सरर असे पात्र धरा. एक अधिक सहा, सात. म्हणजे चौथ्या मापाचाही एक स्लॉट मिळाला. सॉर्सरर म्हणून त्याला तिसऱ्याच इयत्तेपर्यंतचे मंत्र येतात, म्हणजे आमच्यासारखेच त्याचेही मोठे माप रिकामे. पण त्याचे अडत नाही, कारण स्माइटला वरच्या इयत्तेचे धान्य लागतच नाही. मोठे माप तेवढे पुरते! आमच्या पात्राचे जे दुखणे तेच याचे बळ.

वॉरलॉकचे गणित निराळेच. त्याचे स्लॉट बेरजेत धरत नाहीत. ते वेगळे मोजावयाचे, थोडेच असतात, पण तासाभराच्या विश्रांतीने परत येतात. सॉर्सररला स्लॉट मोडून त्याचे गुणांक करता येतात आणि गुणांकांचे पुन्हा स्लॉट. या दोन नियमांच्या फटीतून काही चलाख खेळाडूंनी असे पात्र काढले की जे कधी झोपतच नाही. दर तासाला थोडी विश्रांती घेते आणि स्लॉटांचा साठा करत सुटते. खेळाडूंनी त्याचे नाव ‘कॉफीलॉक’ ठेवले. २०१७ च्या पुरवणी पुस्तकात न झोपणाऱ्याला थकवा आणणारा नियम आला तेव्हा या जागरणाला थोडा आळा बसला. नियमांची अशी फट शोधणे हा बुद्धीचा आनंद आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण आमच्या मेजावर तसे पात्र आम्ही येऊ देणार नाही.

पेशांचा क्रमही पाहावा लागतो. संकट टाळण्याच्या फाशांतले प्रावीण्य फक्त पहिल्या पेशाकडून मिळते. मार बसला असता एकाग्रता टिकवण्यासाठी काटकपणाचा फासा टाकावा लागतो; किमान दहा, किंवा लागलेल्या माराच्या निम्मे, यांत जे मोठे असेल तेवढे आणावयाचे. सॉर्सररने सुरुवात केली तर या फाशात प्रावीण्य मिळते. पॅलाडिनने केली तर ते मिळत नाही, पण जड चिलखत मिळते, जे नंतर पॅलाडिन होणाऱ्याला मिळत नाही. ज्याला पुढे उभे राहून मार खावयाचा आहे त्याने चिलखत घ्यावे. २०२४ साली नियमांची नवी सुधारणा झाली. तीत पॅलाडिन आणि रेंजर यांचे निम्मे आता वरच्या अंकाला धरतात, आणि प्रत्येक पेशाची शाखा तिसऱ्या पायरीवरच मिळते; त्यामुळे एकाच पायरीत एखाद्या शाखेची मलई काढून घेण्याची पूर्वीची सोय संपली. स्लॉटांची बेरीज आणि मंत्रांची वेगळी मोजणी हे मूळ मात्र तसेच आहे.

परंतु या साऱ्या आकड्यांच्या आधी एक प्रश्न मेजावर विचारावा, तो आम्ही विचारला नाही. सोबती आपल्याकडून काय धरून चालले आहेत? पात्राचा कागद आपला असतो, पण त्याच्यावर भरवसा चौघांचा असतो. आम्ही एक क्लेरिक व पाच विझार्ड असे पात्र केले असते तरी भाच्याचा रेंजर वाचला नसताच. फरक इतकाच की आम्ही पहिल्या दिवशी सांगितले असते, मेलेला उठवणारा येथे कोणी नाही, तेव्हा पुलावर जपून जा, किंवा तुमच्यातल्या कोणी तरी ती विद्या घ्या. आणि क्लेरिक म्हणूनच आमच्याकडे पाहत असतील, तर पाचही पायऱ्या आधी क्लेरिकच्या चढून मग विझार्डच्या पोथीला हात लावणे हा सरळ मार्ग होता. पाच क्लेरिक, एक विझार्ड. स्लॉट तेच, ४, ३, ३. त्या कागदावर रिव्हिव्हिफाय लिहिलेला असता.

भाचा दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो नवे पात्र घेऊन, पॅलाडिन. आणि दोन पायऱ्यांनंतर सॉर्सरर घेण्याचा विचार असल्याचे त्याने सूत्रधाराला सांगितले. आम्हीही नवे पात्र आणले होते. त्याने आमचा कागद ओढून घेतला, पेशाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, “मामा, हा पाचवीपर्यंत क्लेरिकच राहणार ना?” आम्ही हो म्हटले. मग त्याने हिऱ्यांच्या वर्गणीतला आपला वाटा, ७५ नाणी, आमच्या कागदावर जमा करून दिला.